नाडी उभं करून मोजली का?

या महिन्याच्या टपालात एकाच तऱ्हेच्या तक्रारीची पत्रं जास्त आली. उठलं की गरगरतं, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. ऑक्टोबर हा 'डिसऑटोनोमिया'बद्दल, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडाबद्दल जागृतीचा महिना म्हणून अनेक देशांत पाळतात. तेव्हा या वेळचं सगळं सदर याच पत्रांना दिलं आहे. स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे आपल्याला न विचारता चालणारा कारभार: नाडी, बीपी, घाम, पचन, लघवी, उजेडात डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं. हा कारभार बिघडला की एका अवयवाची तक्रार राहत नाही, म्हणून पेशंट पाच डॉक्टरांकडे फिरतो.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, अकरावीत आहे. मार्चमध्ये व्हायरल ताप येऊन गेला. तेव्हापासून सकाळी उठली की गरगरून राहिलं म्हणते. प्रॅक्टिकलला उभी राहिली की घाम फुटतो, हात थरथरतात, खाली बसावं लागतं. दोनदा पडलीसुद्धा. ईसीजी, टू-डी इको, हिमोग्लोबिन, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय, सगळं नॉर्मल. टेन्शन आहे, बारावीनंतर बरं होईल, असं सांगितलं. खरंच टेन्शन असेल का?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : आधी आमचाच एक प्रश्न. या सगळ्या तपासण्यांत तिची नाडी उभं करून कोणी मोजली का? ईसीजी झोपवून काढतात, इको झोपवून, एमआरआय झोपवून, बीपी खुर्चीत बसवून. तक्रार मात्र उभं राहिल्यावरची. तिथंच हा आजार हातातून निसटतो.

आपण उभे राहिलो की साधारण ५०० ते ८०० मिलिलीटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणारे ग्राहक असतात. ते लगेच खबर देतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी १०-२० ठोक्यांनी वाढते आणि आपल्याला काही कळतही नाही. ज्यांच्यात हे आवळणं नीट होत नाही, किंवा मुळात अंगात रक्ताचं आकारमानच कमी असतं, त्यांच्यात मेंदूला रक्त पुरवायचा सगळा भार हृदयावर येतो आणि ते धावत सुटतं. याला पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात 'पॉट्स'. तरुण मुली आणि बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. बऱ्याचदा ताप, कोविड, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतर सुरू होतो.

निदानाची व्याख्या सोपी आहे. आडवं असताना उठून उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला किमान ३० ठोक्यांनी वाढते आणि वाढलेलीच राहते. १२ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा ४० आहे, कारण या वयात नाडी तशीही जास्त उसळते. बीपी फारसं उतरत नाही. तक्रारी किमान ३ महिन्यांच्या असतात आणि नाडी वाढवणारं दुसरं कारण सापडत नाही.

हे घरी मोजता येतं. निदान डॉक्टरच करतील, पण आकडे तुमच्या हातात असले की बोलणं पुढे सरकतं. लागणार काय? दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, घड्याळ, कागद आणि शेजारी उभं राहणारा एक माणूस. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी करा. तिला १० मिनिटं पलंगावर सपाट झोपू द्या. बोलणं नाही, मोबाइल नाही. दहाव्या मिनिटाला नाडी आणि बीपी लिहा. मग भिंतीशी उभं करा: अनवाणी, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे, पाठ आणि खांदे भिंतीला टेकलेले. मागे-पुढे झुलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, कारण पोटरी हलली की ती रक्त वर ढकलते आणि आकडा चुकतो. नाडी दर मिनिटाला, बीपी १, ३, ५ आणि १० व्या मिनिटाला. शेजारी खुर्ची असू द्या. अंधारी आली की परीक्षा तिथंच थांबवा, झोपवा आणि किती मिनिटं झाली ते लिहा. पाय जांभळट-लाल झाले तर फोटो काढून ठेवा.

उदाहरणादाखल असा कागद धरा. झोपून नाडी ७२, बीपी ११०/७०. उभं राहून पहिल्या मिनिटाला १०४, तिसऱ्याला ११२, पाचव्याला ११८, दहाव्याला १२४, बीपी शेवटपर्यंत १०८/७६ च्या आसपास. वाढ ५२ ठोक्यांची, बीपी जागेवर. १७ वर्षांच्या मुलीत हे पॉट्सकडे बोट दाखवणारं आहे. उभं राहिल्याबरोबर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांचीच नाडी उसळते, ती धरायची नाही.

आकडे चुकतात ते ठरलेल्या कारणांनी. बोटं गार असली किंवा नखाला गडद पॉलिश असलं की ऑक्सिमीटर भलतंच दाखवतो. झोपवायच्या ऐवजी नुसतं बसवून सुरुवात केली तर फरक कमी येतो. दुपारी मोजलं तरी कमी येतो, हा आजार सकाळी जास्त बोलतो. म्हणून एका दिवसावर जाऊ नका, तीन वेगवेगळ्या सकाळी मोजा.

कागद घेऊन फिजिशियनकडे गेलात की ते इतर कारणं तपासतील: हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, बी-१२, टीएसएच, साखर, सोडियम-पोटॅशियम, गरज वाटल्यास सकाळचं कॉर्टिसॉल. विदर्भात एक जास्तीची तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची, म्हणजे रक्त कमी करणाऱ्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागात तो बराच आढळतो आणि रक्त कमी असलं की उभं राहिल्यावर नाडी धावतेच.

कॉलेजला डॉक्टरांची चिठ्ठी द्या: प्रॅक्टिकल स्टुलावर बसून करू द्यावं, वर्गात पाण्याची बाटली चालावी, प्रार्थनेला उभं ठेवू नये. आणि दोनदा पडलेल्या मुलीच्या हातात सध्या स्कुटी देऊ नका.

प्रश्न : सून दिवसभर पडून असते. ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहत नाही. झोपली की ठीक, उठली की आजारी. पॉट्स निघालं म्हणतात. हे मनाचंच नाही का?
— एक वाचक, महाल

उत्तर : काकू, 'झोपली की ठीक, उठली की आजारी' हे तुम्ही नाटकाचा पुरावा म्हणून लिहिलंत. ती तर या आजाराची व्याख्याच आहे. घाबरल्यामुळे होणारी धडधड झोपल्यावर मिनिटाभरात अशी हमखास उतरत नाही. ती पलंगावरही येते, मध्यरात्रीही येते. पॉट्समध्ये रक्त वर यावं म्हणून शरीर नॉरएड्रेनालिन सोडतं, त्यामुळे थरथर, घाम आणि घाबरल्यासारखं वाटतं. म्हणजे भीती आधी आणि धडधड मागून, असं नसतं. बऱ्याचदा उलटं असतं.

गैरसमज जुना आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांत अशीच धडधड आणि दमणूक जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी पाहिली आणि १८७१ मध्ये 'चिडखोर हृदय' या नावाने लिहून ठेवली. आजचं नाव १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून आलं (आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही, नावाने घोटाळा होतो म्हणून सांगितलं). म्हणजे आजार दीडशे वर्षांपासून नोंदलेला आहे, नाव मिळून मात्र जेमतेम तीस-पस्तीस वर्षं झाली.

ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून होतं. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि कोमट पाणी द्या. कढत पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि न्हाणीघरातून बाहेर येतानाच माणूस कोसळतो.

प्रश्न : डॉक्टरांनी मीठ-पाणी वाढवायला सांगितलं. किती आणि कसं ते विचारायचं राहून गेलं. घरात सासऱ्यांचं बीपी आहे, त्यांना मीठ बंद आणि मला जास्त! स्वयंपाक कसा करू? शिवाय नागपूरचा उन्हाळा.
— वय ३१, नंदनवन

उत्तर : एका कढईत दोन माणसांचं मीठ बसत नाही, म्हणून स्वयंपाक सासऱ्यांच्या हिशोबाचा करा आणि तुमचं मीठ वेगळं घ्या. पॉट्समध्ये, बीपी वाढलेलं नसेल आणि किडनी-हृदय ठीक असेल तर, साधारणपणे दिवसाला एकूण ८ ते १० ग्रॅम मीठ आणि २ ते ३ लिटर पाणी सांगतात. एकूण म्हणजे जेवणातलं धरून. सपाट भरलेला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलिलीटरचा, बारीक मिठाचा साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतो. घरातले चमचे सारखे नसतात, तेव्हा किराणा दुकानातल्या किंवा सोनाराच्या काट्यावर एकदा तुमचा चमचा मोजून घ्या. आकडा डॉक्टरांकडून पक्का करून घेतल्याशिवाय वाढवू नका, आणि गरोदर असाल तर मुळीच नाही.

सगळं मीठ एकदम पाण्यात घालून प्यालात तर मळमळ आणि जुलाब ठरलेले. दिवसभरात वाटा. सोय म्हणून ओआरएस: डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट देतं. ग्लुकोज चवीसाठी नाही, आतड्यातून सोडियम आत ओढायला ते लागतं. पाकीट एक लिटरचं असेल तर लिटरच पाणी घ्या. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने घातलं की प्रमाण गेलं. दुकानात 'ओआरएस'सारखं दिसणारं गोड सरबत वेगळं, ते घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांना नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती याचसाठी. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि सहा लहान चमचे साखर, सगळे सपाट. उरलेलं मीठ ताक, लिंबू सरबत, लोणचं, सांडगी मिरची यांतून येऊ द्या. 'लो सोडियम' मीठ तुमच्या कामाचं नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. (सासऱ्यांना तरी ते परस्पर सुरू करू नका, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढतं.)

नुसतं साधं पाणी लिटरनं पिणाऱ्यांची तक्रार असते की फायदा नाही. होणार कसा? मिठाशिवाय ते अंगात थांबत नाही, तासाभरात लघवीवाटे जातं. मीठ पुरेसं पोचतं का हे पाहायचं असेल तर २४ तासांच्या लघवीतलं सोडियम तपासतात. ते १७० मिलिमोलच्या वर असावं, असा अंदाज धरतात.

सकाळची एक सवय सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. पलंगाशेजारी रात्रीच बाटली भरून ठेवा. जाग आली की उठायच्या आधी अर्धा लिटर पाणी पाचेक मिनिटांत प्या, पंधरा-वीस मिनिटं पडून राहा, मग पाय खाली सोडून बसा, मग उभ्या राहा.

आता उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शरीर उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे रक्त पाठवतं, म्हणजे मेंदूच्या वाट्याला आणखी कमी. नवतपात बाजाराची कामं सकाळी आठच्या आत किंवा कोणाकडे तरी सोपवून. कोरड्या उन्हात कूलर उत्तम. जुलैत मात्र हवा आधीच दमट असते, कूलर तीत आणखी ओल घालतो, घाम सुकत नाही आणि 'पाऊस पडला तरी मला त्रास का' असा प्रश्न पडतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, खिडक्या उघड्या ठेवा.

जेवणाबद्दल एवढंच, की भरपेट भात किंवा सावजीचं दणकून जेवण झालं की रक्त आतड्याकडे वळतं आणि तासाभरात धडधड सुरू होते. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान.

प्रश्न : हरतालिकेचा निर्जळी उपवास पुढच्या वर्षी धरू का?
— पॉट्सची रुग्ण, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही. पूजा बसून करा, पाणी आणि सैंधव घातलेलं ताक चालू ठेवा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, २० वर्षांपासून डायबिटीस. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. रात्री लघवीला उठले की तोल जातो, जेवून हात धुवायला उठले तेव्हा बेसिनपाशीच पडले. दवाखान्यात बीपी १५० भरतं, म्हणून गोळी वाढवली. पडणं वाढलं. यांनाही पॉट्स आहे का? एक विचित्र गोष्ट : जेवायला बसले की कपाळ-मानेवर घामाच्या धारा, आणि पाय मात्र कोरडे ठणठणीत.
— मुलगा, जरीपटका

उत्तर : पॉट्स नाही. संस्था तीच, बिघाड वेगळा, आणि जास्त काळजीचा. जेवतानाच्या घामाचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नागपुरात याला तर्रीचा दोष देतात, पण साधं वरण-भात खातानाही धारा लागत असतील आणि तळपायाला घाम येणं थांबलं असेल, तर डायबिटीसने स्वायत्त मज्जातंतू खाल्ल्याची ती खूण असू शकते.

त्यांचं बीपी उभं करून मोजा. ५ मिनिटं झोपवून, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. पण नाडीही पाहा, गंमत तिथंच आहे. समजा झोपून १५६/८४, नाडी ८८. तिसऱ्या मिनिटाला ११२/६४ आणि नाडी ९३. बीपी ४४ ने पडलं आणि नाडी फक्त ५ ने वाढली. मज्जातंतू शाबूत असते तर नाडीने धाव घेतली असती. नाडीची वाढ भागिले बीपीची घट ०.५ पेक्षा कमी आली, तर दोष पाणी कमी पडल्याचा नसून मज्जातंतूंचा असावा, असा ठोकताळा आहे. इथे ५ भागिले ४४, म्हणजे ०.११.

दवाखान्यात बसून मोजलेले १५० खरेच आहेत, आणि घरी उभं राहिल्यावरची पडझडही खरीच. दोन्ही एकाच माणसात राहतात, म्हणून नुसता बसलेला आकडा पाहून गोळी वाढली की माणूस पडतो. गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि एकेक विचारा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, लघवीची गोळी, छातीत दुखण्यावरचं नायट्रेट, पायाच्या आगीसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनचं लेव्होडोपा, ही सगळी उभं राहिल्यावरचं बीपी पाडू शकतात. साखरेच्या नव्या गोळ्यांपैकी लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या पाणीही काढतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. बऱ्याचदा बंद करायची नसते, वेळ बदलायची असते.

घरात करायचं ते आजच करा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या, पाय बसायला वर खाच असलेले, नाहीतर पलंग घसरतो. विटा नकोत. दोन उशा जास्त लावणं म्हणजे हे नव्हे, त्याने फक्त मान वाकते. अख्खं अंग उतारावर हवं. अशा माणसांचं बीपी सपाट झोपल्यावर चढतं, किडनी रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकते आणि पहाटे पाय टेकताच बीपी तळाला. उतारावर झोपल्याने रात्रीची लघवीही कमी होते. रात्री पलंगाशेजारी युरिनचं भांडं ठेवा, आणि लघवी बसूनच करायची. उठताना एक मिनिट पलंगाच्या कडेवर बसून पाऊलं दहा-पंधरा वेळा वर-खाली.

जेवणानंतर बीपी पहिल्या दोन तासांत घसरतं, त्यासाठी जेवायच्या आधी दोन ग्लास पाणी, भात-पोळी कमी करून थोडं-थोडं जेवण, आणि जेवल्यावर अर्धा तास आरामखुर्चीत. हात धुवायला वाटी जागेवर द्या. मीठ वाढवण्याचं मागचं उत्तर यांच्यासाठी नाही.

आणखी दोन धोके. या मज्जातंतूंबरोबर साखर उतरल्याची सूचनाही जाते: घाम, थरथर न होता माणूस एकदम गोंधळतो किंवा बेशुद्ध होतो. म्हणून पडले की बीपीबरोबर ग्लुकोमीटरही लावा. आणि हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येऊ शकतो. नुसती धाप, नुसता अशक्तपणा असला तरी ईसीजी काढून घ्या.

नीट तपासणी हवी असेल तर न्यूरोलॉजीत स्वायत्त चाचण्या होतात. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावून श्वास घेताना आणि सोडताना नाडीत किती फरक पडतो ते ईसीजीवर बघतात; १५ ठोके किंवा जास्त फरक चांगला, १० च्या आत आला तर बिघाड. या वयात नाडीची हालचाल मुळातच मंदावते, म्हणून आकडा वयाशी ताडून वाचतात. इतका साधा प्रकार आहे, पण मागितल्याशिवाय क्वचितच होतो.

प्रश्न : सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम. पॉट्स आहे. स्टॉकिंग्ज घेतले, गुडघ्यापर्यंतचे, पण फरक नाही.
— वय २६, इंदोरा

उत्तर : पोटात साठणारं रक्त गुडघ्याच्या मोजांनी अडत नाही. कंबरेपर्यंतचे हवेत, दाब २०-३० किंवा ३०-४० मिलिमीटर. पाकिटावर हा आकडा छापलेला नसेल तर ते नुसते घट्ट मोजे समजा. माप सकाळी सूज नसताना द्या: घोटा, पोटरी, मांडी, कंबर आणि पायाची लांबी. पलंगावरच चढवा, झोपताना काढा. उन्हाळ्यात कंबरेपर्यंतचे मोजे नागपुरात कोणी घालत नाही, हे आम्हालाही कळतं. तेव्हा निदान पोटाचा रुंद पट्टा बांधा. नुसत्या पायांपेक्षा पोट आवळल्याचा फायदा अनेकांना जास्त होतो. उभं राहायच्या आधी बांधायचा, बसल्यावर सैल करायचा.

गिऱ्हाईक समोर असताना बसता येत नाही, त्यासाठी: पाय कात्रीसारखे एकमेकांवर टाकून मांड्या आणि नितंब आवळा, ३० सेकंद धरा, सोडा, पुन्हा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून हात बाहेरच्या बाजूला ओढा. काउंटरमागे एक पाय लहान स्टुलावर ठेवून उभे राहा. अंधारी सुरूच झाली तर सरळ उकिडवे बसा, चपलेचा बंद लावतोय असं समजू द्या लोकांना. श्वास मात्र रोखू नका, पोटात जोर देऊन श्वास धरला की हृदयाकडे येणारं रक्त आणखी अडतं.

प्रश्न : व्यायामाने बरं वाटेल म्हणतात. फुटाळ्यावर फिरायला गेले, दुसऱ्या दिवशी उठता येईना.
— वय २४, धरमपेठ

उत्तर : सुरुवात उलटी झाली. चालणं हा तुमच्यासाठी शेवटचा टप्पा आहे. पहिला महिना आडव्याने: पलंगावर पाय उचलणं, गुडघे वाकवून कंबर उचलणं, पोटऱ्या आवळणं. जिममध्ये पाठ टेकून चालवायची सायकल किंवा रोइंग मशीन असेल तर आठवड्यातून तीन दिवस, पाच मिनिटांपासून, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. पोहता येत असेल तर फारच छान, पाण्याचा दाब पायांना स्टॉकिंग्जसारखा धरतो. दुसऱ्या महिन्यात सरळ बसायची सायकल, तिसऱ्यात चालणं. वेग असा की बोलता यावं. पहिले दोन-तीन आठवडे जास्त थकवा येतो आणि बहुतेक जण तिथंच सोडतात. पण व्यायामानंतर दोन-दोन, तीन-तीन दिवस अंथरूण सुटत नसेल, तर रेटू नका. तो दीर्घ थकव्याचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यात जोर केल्याने नुकसान होतं. डॉक्टरांना हा फरक शब्दांत सांगा.

प्रश्न : गोळ्या कोणत्या? आणि नागपुरात दाखवायचं कुठं?
— तीन-चार पत्रांतला एकत्र प्रश्न

उत्तर : गोळ्या मीठ-पाणी आणि व्यायामाच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत, १०-२० मिलिग्रॅम. दमा असेल तर आधी सांगा. इव्हाब्रॅडिन फक्त नाडी उतरवतं, बीपी नाही. गरोदरपणात चालत नाही. मिडोड्रीन रक्तवाहिन्या आवळतं, डोक्याच्या कातडीला मुंग्या येतात आणि काटा येतो, त्याला घाबरू नका. त्याचा शेवटचा डोस झोपायच्या किमान चार तास आधी, नाहीतर झोपल्यावर बीपी चढतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ धरून ठेवतं, त्यात पोटॅशियम तपासत राहावं लागतं. किशोरवयात सुरू झालेला पॉट्स पुढच्या काही वर्षांत अनेकांत बराच निवळतो, मात्र महिन्या-दोन महिन्यांत नाही.

दाखवायला आधी तुमचा फिजिशियन पुरे. पुढे हृदयरोग किंवा न्यूरोलॉजी. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स किंवा खासगी, कुठंही जाताना आधी फोन करून 'टिल्ट टेबल टेस्ट होते का' एवढं विचारा. त्यात पट्ट्यांनी बांधून टेबल ६० ते ८० अंशांत उभं करतात आणि नाडी-बीपी सतत मोजतात. ती नसली तरी भिंतीपाशी काढलेला तुमचा कागद चालतो. फाइलमध्ये सगळ्यांत वर तोच लावा, एमआरआय खाली.

थांबू नये अशा गोष्टी: पळताना किंवा जिना चढताना शुद्ध जाणं, झोपलेलं असताना शुद्ध जाणं, घराण्यात तरुण वयात अचानक मृत्यू, छातीत दुखणं, काळी शौच. यांत पॉट्स समजून मीठ-पाणी करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ईसीजी काढून घ्या.

प्रश्न : कोणी चक्कर येऊन पडलं की आमच्याकडे कांदा हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात. योग्य आहे का?
— वाचक, कामठी

उत्तर : कांदा राहू द्या स्वयंपाकघरात. माणूस पडला म्हणजे शरीराने स्वतःच मेंदूकडे रक्त पाठवायची सोय केली. आपण काय करतो, चौघे मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवतो, आणि तो पुन्हा कोसळतो. सपाट झोपवा, पाय एक-दीड फूट उंच धरा, खाली बॅग किंवा पाट ठेवला तरी चालेल. मानेचं बटण, पट्टा सैल करा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. एक-दोन झटके आले तरी लगेच फिट समजू नका, रक्त कमी पडल्यानेही हातपाय झटकतात. किती सेकंद ते घड्याळात पाहा, डॉक्टर तेच विचारतील. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. शुद्ध आल्यावरही दहा मिनिटं झोपूनच, मग बसवून पाणी, मग उभं. श्वास चालू नसेल तर क्षणही न थांबता १०८ लावा आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. श्वास चालू आहे पण मिनिटाभरात शुद्ध आली नाही, किंवा डोक्याला मार आहे, तरीही १०८.